चवथीपूर्वी गाडीतली बुरशी: आधी ओल शोधा, मग फडकं हातात घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात डिचोलीला घराबाहेर फणसाखाली उभी असलेली हॅचबॅक, पाच वर्षं जुनी, कापडी सीट. जुलैचा महिनाभर तुम्ही पुण्याला होता. परत येऊन दार उघडलं तर सीटबेल्टवर, स्टिअरिंगवर आणि मागच्या सीटवर पांढरट-करडी बुरशी, कुबट वास आणि पुढच्या डाव्या मॅटखाली ओल. त्यात डिकीत मागे कधीतरी सांडलेल्या मासळीच्या पाण्याचा वास पुन्हा वर आलाय. वॉशिंगवाला म्हणतो फोम मारून सीट शॅम्पू करून देतो, मेहुणे म्हणतात ब्लीचचं पाणी फिरवा. चवथीला घरी माणसं येणार, त्याआधी हे घरच्या घरी निस्तरता येईल का?

येईल. फक्त तुम्ही ज्याला ‘स्वच्छतेचा’ प्रश्न म्हणताय तो मुळात ओलीचा प्रश्न आहे. बुरशी पुसायला दोन तास लागतात. ओल तशीच राहिली तर आठ-दहा दिवसांत ती त्याच जागी परत दिसते. म्हणून वॉशिंगवाल्याला आत्ता तरी नाहीच म्हणा. सीट शॅम्पू करताना जेवढं पाणी आत जातं तेवढं सगळं व्हॅक्यूमने परत येत नाही, उरलेलं सीटच्या फोममध्ये बसतं. ऑक्टोबरानंतर ते उन्हात सुकून जातं. आत्ता आपल्याकडे बाहेरच्या हवेतच ८५-९० टक्के आर्द्रता आहे आणि कापडावर बुरशी धरायला ७०-७५ टक्के पुरतात. अशा हवेत सीट भिजवणं म्हणजे बुरशीला खतपाणी.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. गाडी लावायला पोर्च किंवा शेड आहे का, दिवसातून दोन-तीन तास तरी उघडीप मिळते का, आणि ओल फक्त डाव्या पुढच्या कोपऱ्यात आहे की मागच्या सीटच्या पायांपर्यंत पोचलीय. संपूर्ण फरशी भिजली असेल किंवा छताच्या कापडावरही बुरशी पसरली असेल, तर घरी करण्याच्या भानगडीत पडू नका. कोपऱ्यापुरतीच असेल तर पुढे वाचा.

पाणी आलं कुठून? डावा पुढचा कोपरा ओला म्हटलं की बहुतेक मेकॅनिक आधी एसीची ड्रेन नळी तुंबली असं सांगतात, आणि एरवी ते बरोबरही असतं. पण तुमची गाडी महिनाभर बंद होती, म्हणजे एसी चाललाच नाही. तरीही ओल ताजी आहे, म्हणून पहिला संशय पावसाच्या पाण्यावर. बॉनेट उघडा. काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी काळी प्लास्टिकची जाळी असते. काचेवरून ओघळणारं पाणी तिच्यातून खालच्या पन्हाळीत पडून दोन्ही कडांनी चाकांजवळ बाहेर जातं. फणसाची पानं कुजून त्या पन्हाळीच्या तोंडाशी बसली की पाणी तुंबतं आणि ब्लोअरच्या हवेच्या वाटेने थेट आत, ग्लव्हबॉक्सखाली उतरतं. पानांचा चोथा हाताने काढा, पाइपने जोरात पाणी मारून तो आत ढकलू नका. मग एकाने जाळीवर सावकाश दोन-तीन मग पाणी ओतायचं आणि दुसऱ्याने आत बसून बॅटरीच्या उजेडात ग्लव्हबॉक्सच्या खाली हात लावून पाहायचं. पाणी चाकांजवळ पडलं आणि आतला हात कोरडा राहिला, तर वाट मोकळी झाली.

दुसरा संशय दारावर. खिडकीच्या काचेला लागून थोडं पाणी दाराच्या पोकळीत उतरतंच, ते बाहेर जायला दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन भोकं ठेवलेली असतात. आपल्याकडच्या रस्त्यांवरचा तांबडा चिखल ती हमखास बुजवतो. दार उघड-मिट करताना आत पाणी डचमळल्याचा आवाज आला तर शंकाच नको. भोकं मोकळी करायला खराट्याचा हीर घ्या. स्क्रू ड्रायव्हर घातला तर आतला रंग खरवडतो आणि तिथूनच गंज सुरू होतो.

हे दोन्ही ठीक निघाले तर मग एसी. गाडी सपाट जागी उभी करून पंधरा मिनिटं एसी चालवा. एवढ्या दमट हवेत गाडीखाली पाण्याची धार नाही तरी सलग थेंब पडायलाच हवेत. पडत नसतील तर नळी तुंबलीय, ते काम गॅरेजात दहा मिनिटांचं आहे. आणि मॅटखालची ओल पाण्यासारखी न लागता चिकट लागली, गोडसर वास आला, काच आतून धुरकट होत असेल, तर ते पाणी नव्हे, हीटरच्या कोअरमधून गळणारं कूलंट आहे. तिथे साफसफाईचा काही उपयोग नाही, आधी दुरुस्ती.

एक शेवटची शक्यता मोरजी-कळंगुटच्या किनाऱ्यावर वरचेवर जाणाऱ्यांसाठी. कुठूनही गळती नाही, कार्पेट दुपारी कोरडं लागतं आणि संध्याकाळी पुन्हा ओलसर, असं होत असेल तर त्यात समुद्राचं मीठ बसलंय. ओल्या कपड्यांनी सीटवर बसल्याने आणि वाळूने ते येतं. हवेत ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं, त्यामुळे कितीही वाळवा, फरक पडत नाही. त्याला साबण नको, साधं पाणी लागतं: थोडं फवारायचं, पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने लगेच खेचायचं, असं दोन-तीनदा. तेही पाऊस सरल्यावर.

आता वाळवणं. मॅटखालचं कार्पेट वरून कोरडं लागलं तरी फसू नका. त्याच्या पोटाशी दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा फोम किंवा नमदा असतो, पाणी तिथे राहतं. जुन्या टॉवेलची चौपदरी घडी कार्पेटवर ठेवून टाचेने पूर्ण वजन द्या आणि अर्धा मिनिट थांबा. टॉवेल ओला झाला तर कार्पेट उचलावंच लागेल. दाराच्या उंबरठ्यावरची प्लास्टिकची पट्टी वर ओढली की क्लिपमधून सुटते, त्यालगतचं पायाजवळचं छोटं पॅनेलही बहुतेक गाड्यांत क्लिपनेच असतं. ओढताना एका टोकाने हळूहळू सोडवा, मधूनच हिसका दिला तर क्लिप तुटतात. मग कार्पेटची कड वर उचलून खाली पाण्याची रिकामी बाटली किंवा लाकडाचा ठोकळा सारायचा, म्हणजे खालून हवा खेळते. फोम पिळायचा नाही, तो फाटतो. टॉवेलने दाबून दाबून पाणी टिपायचं आणि टेबलफॅनची हवा थेट त्या फटीत सोडायची. शेडमध्ये असं एक ते दोन दिवस लागतात.

पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतील. ते एअरबॅगचे. त्यांना हात लावू नका, त्यांच्यावर पाणी उडवू नका, आणि कार्पेट नीट उचलता येत नाही म्हणून घरी सीट काढायला जाऊ नका. सीट पूर्ण मागे सरकवली की पुढच्या कोपऱ्याचं काम होतं.

इथे बहुतेक जण एक गोष्ट उलटी करतात: वास जावा म्हणून भर पावसात काचा थोड्या उघड्या ठेवतात. बाहेरची हवा आतल्याइतकीच ओली असताना त्याने काहीच वाळत नाही, उलट रात्री आणखी ओल आत येते. ऊन पडलं की काचा पूर्ण बंद करून गाडी तासभर उन्हात ठेवा, आत वाफ धरू दे. काचांवर आतून दव दिसायला लागलं की चारही दारं दहा मिनिटं सताड उघडा, काचा फडक्याने टिपा आणि पुन्हा बंद. अशा तीन-चार फेऱ्या दिवसभर दारं उघडी टाकण्यापेक्षा जास्त पाणी बाहेर काढतात. ऊन नसेल तेव्हा गाडीचा एसी हाच तुमचा ड्रायर. उघड्या जागेत इंजिन सुरू करा, एसी चालू, हवा आतल्या आत फिरण्यावर, तापमानाचा खटका गरमकडे, हवेची दिशा पायांकडे, वीस-पंचवीस मिनिटं. एसी हवेतलं पाणी काढतो आणि हीटर तीच हवा गरम करून कार्पेटकडे पाठवतो. बंद गॅरेजात हे मुळीच करू नका, एक्झॉस्टचा धूर साचून जीव जाऊ शकतो.

कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे बाजारात मिळतात, कपाटात ते उत्तम. चालत्या गाडीत मात्र डबा कलंडला की आतलं खारट पाणी कार्पेटवर सांडतं, आणि मिठाने काय होतं ते वर सांगितलंच. उभ्या गाडीत रात्रभर ठेवून सकाळी बाहेर काढत असाल तर चालेल. कॉफी पावडर, तांदूळ, कोळशाच्या पिशव्या यांच्यावर पैसे घालवू नका.

कार्पेट सुकायला लावलं की बुरशीकडे वळा. एन९५ मास्क, हातमोजे, दारं उघडी. घरात कुणाला दमा असेल तर त्यांनी या कामात हात घालू नये. कोरड्या ब्रशने किंवा साध्या व्हॅक्यूमने बुरशी झाडायची नाही, तिचे बीजाणू उडून एसीच्या वाटेत आणि छताच्या कापडावर बसतात. एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिलि., नाजूक कपड्यांचं लिक्विड डिटर्जंट. याहून जास्त नको: फेस जास्त झाला तर तो काढायला पाणी जास्त, आणि कापडात राहिलेला साबण चिकट होऊन धूळ धरतो. मायक्रोफायबरचं फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा, दोनदा दुमडून चौपदरी घडी करा म्हणजे उलटसुलट धरून आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका बाजूने एकदाच, एकाच दिशेने पुसायचं, की बाजू बदलायची. तीच बाजू पुढे-मागे घासली तर बुरशी पसरते. सहा-आठ फडकी हाताशी ठेवा, मधूनच धुवायला जावं लागत नाही.

कापडी सीटवर यानंतर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, स्प्रेच्या बाटलीतून. कापड ओलसर व्हावं, भिजू नये. एका सीटला पन्नास-साठ मिलि. पुरे. पंधरा मिनिटांनी साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपून घ्या आणि वर कोरडा टॉवेल दाबा. आधी सीटच्या खालच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, रंग जातो का बघून घ्या. माडाचा व्हिनेगर वापरू नका, त्याला रंग असतो. तो स्वयंपाकात, सोरपोतेलसाठीच राहू दे. स्टिअरिंगला आणि लेदरच्या कव्हरला फक्त साबणाचं पाणी. हँडल, कन्सोल अशा कडक खरखरीत प्लास्टिकवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण फडक्यावर घेऊन, आणि स्क्रीन व चकचकीत काळ्या पट्ट्या सोडून. छताच्या कापडावर एखादा ठिपका असेल तर ओलसर फडकं नुसतं टेकवायचं. ते गोंदावर चिकटवलेलं असतं, घासलं की लोंबायला लागतं.

मेहुण्यांच्या ब्लीचबद्दल: नको. कापडाचा रंग जातो, सीटच्या रुळांना गंज चढतो, आणि व्हिनेगर वापरलेल्या जागी ब्लीच पडलं तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बंद गाडीत तर तो प्रकार अजिबात नको. सगळ्यात वाईट म्हणजे ब्लीचने सीटबेल्टचे धागे कमकुवत होतात, वरून पट्टा धड दिसतो आणि नको त्या वेळी दगा देतो.

सीटबेल्टसाठी वेगळा वेळ काढा, कारण पुन्हा बुरशी धरण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. तो मागे जाऊ नये म्हणून जिथून बाहेर येतो तिथेच कागदांना लावायची मोठी काळी क्लिप लावा. आतापर्यंत गुंडाळलेला भाग बाहेर आला की दिसेल, बुरशीचे ठिपके तिथेच दाट असतात. साबणाच्या त्याच पाण्यात पिळलेलं फडकं पट्ट्याभोवती दुमडून चिमटीत धरा आणि वरून खाली ओढत आणा. दोन्ही बाजू पुसल्या जातात आणि पाणी रीळकडे न जाता बकलकडे उतरतं. फडक्यावर करडा पट्टा उमटायचा थांबला की साध्या पाण्याने दोनदा तसंच, मग कोरड्या टॉवेलमध्ये दाबून टिपा. व्हिनेगर, अल्कोहोल यातलं काही नको. क्लिप रात्रभर तशीच, फॅनच्या हवेत. पट्टा दमट असताना गुंडाळला गेला तर आत पुन्हा बुरशी आणि पट्टा सुस्तावतो, सोडल्यावर मागे जात नाही. थोडे करडे डाग राहिले तर राहू देत, ते दिसण्यापुरतेच. कड उसवलेली किंवा धागे सुटलेले दिसले तर मात्र पट्टा बदलायचा.

एसीचा फिल्टर बघायला विसरू नका. बहुतेक गाड्यांत ग्लव्हबॉक्स खाली सोडला की मागे मिळतो. खालच्या मॉडेलमध्ये कधीकधी कंपनी तो बसवतच नाही, नुसती खाच असते. तुमच्या गाडीत त्याच वाटेने पानं आणि पाणी आलं असेल तर फिल्टर धुऊन वापरायच्या फंदात पडू नका, नवा घाला. पुढे रोजची सवय: घर पाच मिनिटांवर आलं की एसी बंद, ब्लोअर चालू, हवा बाहेरून. आतली कॉइल सुकते आणि आंबट वास धरत नाही. गाडीत एअर फ्रेशनर लावला असेल तर काढून टाका, कारण वास हाच ओलीचा इशारा असतो, तो झाकला तर कळणार कसं?

डॅशबोर्डला खोबरेल तेल लावून चमकवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. दोन दिवस छान दिसतं. मग त्यावर धूळ बसते, काचेत प्रतिबिंब पडतं, आणि तेल खवट होतं. ओलसर फडक्याने पुसलेला मॅट डॅशबोर्ड तसाच बरा.

मासळीच्या वासाचं गणित वेगळं आहे. त्यावर खाण्याचा सोडा टाकून बसणारे पुष्कळ, आणि तो उतरत नाही म्हणून वैतागणारेही तेवढेच. मासळीचा वास अमाइन गटातल्या संयुगांचा, ती अल्कली स्वभावाची. सोडाही अल्कलीच, त्यामुळे तो त्यांना बांधत नाही. आंबलेल्या दुधाला सोडा चालतो, बांगड्याच्या पाण्याला आम्ल लागतं. डिकीतली मॅट आणि खालचा पुठ्ठा बाहेर काढा, स्टेपनीही काढा. त्या खळग्यात पाणी साचलेलं असण्याची शक्यता मोठी आहे, टिपून कोरडं करा. मॅट बाहेर थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने मासळीतलं प्रथिन धाग्यांत घट्ट बसतं. मग कुत्र्या-मांजरांच्या मुतासाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत ओलं ठेवून. वरून प्लास्टिक टाकलं तर सुकत नाही, आणि सुकलं की एन्झाइमचं काम थांबतं. त्यानंतर धुऊन शेवटी व्हिनेगरचं तेच अर्ध्यास-अर्धं पाणी. हा क्रम उलटा करू नका, आधी आम्ल ओतलं तर एन्झाइम मंदावतं. पत्र्याच्या भागावर व्हिनेगर लागला तर साध्या पाण्याने पुसून कोरडं करायचं. मॅट पावसात सुकणार नसेल तर चवथीपुरती ती गाडीत ठेवूच नका, डिकी मॅटशिवाय बंद होते.

तांबड्या मातीच्या डागांना आत्ता हात लावू नका. ओल्या चिखलावर फडकं फिरवलं की बारीक कण धाग्यांच्या मुळाशी जातात. तो रंग लोहाच्या ऑक्साइडचा, ब्लीचने तसूभरही फिका होत नाही. पूर्ण सुकू द्या, ताठ ब्रशने मोकळं करा, व्हॅक्यूमने ओढा, मग ओलसर फडकं. तोवर कापडी मॅट घरात काढून ठेवा आणि फक्त रबरी घाला. कापडीवर रबरी टाकलं की मधली ओल सुकत नाही, शिवाय ड्रायव्हरच्या बाजूला दोन मॅट एकावर एक असतील तर वरची सरकून ॲक्सिलरेटरमध्ये अडकते.

वेळेचा हिशोब: पन्हाळ, दारं आणि कार्पेट पहिल्या दिवशी, सीट आणि पट्टे दुसऱ्या दिवशी, पुढचे दोन दिवस फक्त वाळवणं. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आणायच्या आदल्या दिवशी आत पाण्याचं कसलंही काम काढू नका. सगळं झालं का हे नाकावर सोडण्यापेक्षा काही शे रुपयांचा, हवेतली आर्द्रता मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर घ्या. रात्री गाडी बंद करून तो डाव्या पुढच्या पायापाशी ठेवा आणि सकाळी दार न उघडता काचेतून वाचा. ६५ च्या आत आकडा असेल तर फोम सुकला. ८० च्या वर असेल तर पाणी अजून आत असू शकतं किंवा अजून येत असेल, अशा वेळी सीट पुन्हा पुसत बसण्याऐवजी जाळीवर मगाने पाणी ओतायची चाचणी परत करा. या वेळी मागच्या डाव्या दारावरही ओता.